पेशीची शिरगणती

१९९६ साली यीस्टचा संपूर्ण जीनोम वाचून झाला. पाव फुगवणारं, द्राक्षाच्या रसाची वाइन करणारं ते साधं यीस्ट, शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पेशीत केंद्रक असलेल्या सजीवांपैकी याचीच आनुवंशिक संहिता सर्वांत आधी अथपासून इतिपर्यंत माणसाच्या हाती आली. युरोप, अमेरिका, कॅनडा आणि जपानमधल्या शेकडो शास्त्रज्ञांनी सोळा गुणसूत्रं आपसांत वाटून घेतली होती. सगळी मिळून सुमारे १ कोटी २० लाख अक्षरं भरली आणि त्यांत सुमारे ६,००० जनुकं सापडली. ‘सापडली’ हा शब्द मात्र जपून वापरायला हवा. संगणकाने त्या अक्षरांच्या रांगेत सुरुवातीची खूण, शेवटची खूण आणि मधे पुरेसा लांब, न तुटलेला मजकूर शोधला, आणि असा प्रत्येक मजकूर म्हणजे एका प्रथिनाची कृती असावी असं धरलं. पण घरातल्या पाककृतींच्या वहीत शंभर पदार्थ लिहिलेले असले, तरी त्यातले काही रोज शिजतात, काही सणालाच, आणि काही कोणीतरी उतरवून घेतलेले असतात ते कधीच शिजत नाहीत. वही वाचून स्वयंपाकघराचा अंदाज येतो. चुलीवर आत्ता काय आहे, हे पाहायला स्वयंपाकघरातच जावं लागतं.

पेशीच्या स्वयंपाकघरात जाऊन प्रत्यक्ष हजर असलेल्या प्रथिनांची मोजदाद करणं, ही गेल्या तीसेक वर्षांतली जीवशास्त्रातली एक मोठी खटपट आहे. जीनोमला जोड म्हणून ‘प्रोटिओम’ हा शब्द १९९४ मध्ये मार्क विल्किन्स यांनी वापरात आणला. एखाद्या पेशीतल्या सगळ्या प्रथिनांचा संच, असा त्याचा अर्थ. या शिरगणतीच्या बातम्या बहुतेक वेळा आकड्यांच्या भाषेत येतात: यंदा अमुक हजार प्रथिनं, पुढच्या खेपेला तमुक हजार. माझ्या मते हे काम जोखण्यासाठी आकडा हे सर्वांत कच्चं माप आहे. यादीतलं प्रत्येक नाव कुठल्या पुराव्यावर चढलं आणि जो रकाना रिकामा राहिला तो का राहिला, या दोन प्रश्नांची उत्तरं जितकी चोख तितकी ती यादी मोलाची. हे यीस्टच्या बाबतीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कुठल्याही सजीवात दिसत नाही, कारण यीस्टची प्रथिनं निरनिराळ्या लोकांनी, एकमेकांशी संबंध नसलेल्या रीतींनी मोजली आहेत.

एका नावाची नोंद कशी होते ते जवळून पाहू. वाढत्या यीस्टचं द्रावण सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेला साका घेतात. यीस्टची भिंत चिवट असते. ती फोडायला साक्यात काचेचे बारीक मणी घालून नळी जोरात घुसळतात. बाहेर आलेल्या प्रथिनांच्या घड्या रसायनांनी उलगडतात, त्यात ट्रिप्सिन मिसळतात आणि नळी रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यातही काम करणारं पाचक विकर. त्याची खासियत अशी, की प्रथिनाची साखळी ते वाटेल तिथे तोडत नाही. लायसीन किंवा आर्जिनीन या दोन अमिनो आम्लांपैकी एखादं आलं, की नेमका त्याच्या पुढे काप घेतं. सकाळी नळीत अख्खी प्रथिनं जवळजवळ उरलेली नसतात. उरतात ते पेप्टाइड नावाचे तुकडे, एकेका प्रथिनाचे दहा, वीस, पन्नास. हे मिश्रण केसाएवढ्या बारीक पोकळीच्या नळीतून, सूक्ष्म कणांच्या भरावामधून हळूहळू पुढे ढकलतात. पाण्याशी सलगी करणारे तुकडे आधी बाहेर पडतात, तेलकट स्वभावाचे मागून. नळीच्या सुईसारख्या टोकाला सुमारे दोन हजार व्होल्टचा दाब असतो. तिथे द्रावणाचा फवारा उडतो, थेंब सुकत जातात आणि विद्युतभार घेतलेलं पेप्टाइड एकटं मागे राहतं. एवढे मोठे रेणू न मोडता असे हवेत उडवता येतील, हे १९८० च्या दशकापर्यंत कोणाच्या फारसं गावीही नव्हतं. जॉन फेन यांनी ही फवाऱ्याची रीत घडवली. क्योटोच्या शिमाझू कंपनीत काम करणाऱ्या कोइची तानाका यांनी लेझर वापरून तेच साधलं. २००२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये दोघांनाही वाटा मिळाला, आणि तो रास्तच होता, कारण पुढचं सगळं त्या फवाऱ्यावर उभं आहे.

यंत्रात शिरलेल्या पेप्टाइडाचं आधी वजन होतं. अलेक्झांडर माकारोव्ह यांच्या कल्पनेतून आलेल्या ऑर्बिट्रॅपमध्ये हे आयन मधे फुगीर आणि टोकांना निमुळत्या अशा धातूच्या दांड्याभोवती घिरट्या घालत मागेपुढे झुलतात. हलके भराभर झुलतात, जड सावकाश, आणि त्या झुलण्याच्या लयीवरून वजन कळतं, तेही दशलक्षात काही भागांइतकं अचूक. पण नुसत्या वजनावरून ओळख पटत नाही. म्हणून एका वजनाची पेप्टाइडं वेगळी काढून वायूच्या रेणूंवर आदळवतात. ती सांध्यांवर तुटतात, काही पहिल्या सांध्यावर, काही दुसऱ्या, काही तिसऱ्या. तुटलेल्या तुकड्यांची वजनं आलेखावर उभ्या रेघांसारखी उमटतात. शेजारच्या दोन रेघांमध्ये ७१.०४ चं अंतर असेल तर तिथे अ‍ॅलानीन, ५७.०२ असेल तर ग्लायसीन, ९९.०७ असेल तर व्हॅलीन. अंतरं जुळवत गेलं की पेप्टाइडाचा शब्द वाचता येतो. पण यंत्राला काय दिसत नाही, तेही इथेच कळतं. ल्युसीन आणि आयसोल्युसीन यांचं वजन तंतोतंत एकच, ११३.०८, वजनकाट्यावर ही दोन भावंडं कधीच वेगळी दिसणार नाहीत. लायसीन आणि ग्लुटामीन यांत फरक आहे तो ०.०३६ एवढाच. दोन ग्लायसीन शेजारी आले तर त्यांची बेरीज बरोबर एका अ‍ॅस्परजीनएवढी भरते. त्यातून प्रत्यक्षातल्या आलेखात अर्ध्या रेघा उमटलेल्याच नसतात आणि नको त्या चार रेघा घुसलेल्या असतात.

म्हणून बहुतेक वेळा शब्द अक्षरं लावून वाचत नाहीत, ताडून पाहतात. जिमी एंग आणि जॉन येट्स यांनी १९९४ मध्ये ही रीत प्रस्थापित केली. जीनोमवरून शक्य असलेली सगळी प्रथिनं संगणकात लिहायची, ती कागदावरच ट्रिप्सिनसारखी कापायची, प्रत्येक तुकड्याचा आलेख कसा दिसेल याचा अंदाज बांधायचा आणि यंत्राने काढलेला आलेख त्यातल्या कोणाशी सर्वांत जास्त जुळतो ते पाहायचं. यात एक धोका दडलेला आहे. संगणकाला विचारलं की ‘कोणाशी जुळतं?’, तर तो कोणाचं तरी नाव सांगणारच; अगदी धुळीच्या कणाचा आलेख दिला तरी सर्वांत जवळचं म्हणून एखादं नाव पुढे येईलच. मग खरं जुळणं आणि योगायोगाने जुळणं यांत फरक कसा करायचा? यासाठी रूढ झालेला उपाय आपल्याकडच्या ओळखपरेडीसारखा आहे. ओळखपरेडीत संशयिताबरोबर गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसंही उभी करतात. साक्षीदाराने त्यांच्यातल्या कोणावर बोट ठेवलं, तर त्याच्या नजरेवर किती भरवसा ठेवायचा ते कळतं. इथे खऱ्या प्रथिनांच्या यादीत त्याच प्रथिनांची उलट्या क्रमाने लिहिलेली, निसर्गात नसलेली रूपं मिसळतात. संगणकाने जितक्या वेळा या बनावट नावांवर बोट ठेवलं, साधारण तितक्याच वेळा तो खऱ्या नावांतही चुकला असणार. मग कसोटी इतकी कडक करत न्यायची, की चुकांचं प्रमाण शंभरात एकावर येईल.

शंभरात एक म्हणजे फार नाही, असं वाटतं. हिशेब मांडून पाहू. समजा १ लाख आलेख जुळले आणि त्यातले १,००० चुकीचे आहेत. खरी प्रथिनं ४,००० असतील तर बरोबर जुळलेले ९९,००० आलेख त्याच ४,००० नावांवर पुन्हा पुन्हा पडतात, कारण जे हजर आहे तेच वारंवार दिसतं. चुकीच्या १,००० आलेखांना मात्र असं बंधन नाही. ते सगळ्या ६,००० नावांवर कसेही विखुरतात. त्यांतले एकतृतीयांश उरलेल्या २,००० गैरहजर नावांवर पडतील आणि त्यामुळे सुमारे ३०० प्रथिनं हजर नसताना हजेरीपटावर चढतील. आता कोणी उत्साहाने दहा पट माहिती गोळा केली, १० लाख आलेख जुळवले, आणि चूक शंभरात एकच ठेवली, तर खोटी नावं जवळपास १,६०० होतील आणि यादी ५,६०० वर जाऊन जवळजवळ पूर्ण दिसू लागेल. माहिती दहा पट वाढली आणि यादी पहिल्यापेक्षा वाईट झाली. आकडा हे माप कच्चं का, हे या हिशेबात पुरतं दिसतं. चूक आलेखांच्या पातळीवर मोजून भागत नाही, ती नावांच्या पातळीवर मोजावी लागते, आणि जे नाव एकाच दुबळ्या आलेखावर उभं आहे त्याला वगळण्याची तयारी ठेवावी लागते.

हे केवळ कागदावरचं गणित नाही. २०१४ च्या मे महिन्यात ‘नेचर’ साप्ताहिकाने मानवी प्रोटिओमचे दोन आराखडे एकाच अंकात छापले. एकात बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ बायोइन्फर्मॅटिक्सचा मोठा वाटा होता. त्या संस्थेचे संस्थापक अखिलेश पांडे यांच्या गटाने १७,२९४ जनुकांची प्रथिनं सापडल्याचं मांडलं. म्युनिकजवळच्या दुसऱ्या गटाने १८,०९७. भारतीय प्रयोगशाळेचं नाव अशा कामावर येणं अभिमानाचं होतं आणि आहे. त्याच वर्षी माद्रिदमधल्या संशोधकांनी मात्र दोन्ही आराखड्यांतल्या एका गोष्टीवर बोट ठेवलं. त्यांत वास ओळखणारी, नाकाच्या आतल्या अस्तरात काम करणारी ग्राहक-प्रथिनं शंभराहून अधिक नोंदलेली होती, आणि ती दिसत होती भलत्याच ऊतींच्या नमुन्यांत. त्यांचे आलेख पुन्हा तपासले तेव्हा पुरावा ठिसूळ निघाला. पुढे मानवी प्रोटिओम प्रकल्पाने नियम घट्ट केले: एखाद्या प्रथिनाची हजेरी मांडायची तर किमान नऊ अमिनो आम्लांची, परस्परांपासून वेगळी अशी दोन पेप्टाइडं दाखवा. या प्रसंगाचा मी लावलेला अर्थ जरा वेगळा आहे. दोन्ही गटांनी आपले मूळ आलेख सर्वांसाठी खुले ठेवले होते, म्हणूनच ही तपासणी होऊ शकली. वनस्पतिशास्त्रज्ञ नव्या नोंदीबरोबर वाळवलेली फांदी कागदावर चिकटवून जपून ठेवतात, शंभर वर्षांनी कोणाला शंका आली तर ती फांदी पाहता यावी म्हणून. आलेख ही प्रथिनांच्या शिरगणतीतली ती फांदी आहे, आणि ती जपून ठेवणाऱ्यांचं मोल चुकीच्या नोंदींमुळे कमी होत नाही.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू: रिकाम्या रकान्यांकडे. मास स्पेक्ट्रोमीटर सर्रास वापरात येण्यापूर्वी प्रथिनं जेलच्या चादरीवर दोन दिशांनी पसरवत. १९७५ मध्ये पॅट्रिक ओफॅरेल यांनी या रीतीने एका जिवाणूच्या प्रथिनांचे हजाराहून अधिक ठिपके दाखवले होते. ठिपके हजारभर दिसतात म्हणजे बरंच काही दिसतं, असा समज पुढची वीसेक वर्षं टिकला. २००० साली स्टीव्हन गायगी, रुडी एबरसोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यीस्टचे ठिपके एकेक करून ओळखले, तेव्हा कळलं की पुन्हा पुन्हा तीच धष्टपुष्ट, विपुल प्रथिनं दिसत आहेत. थोड्या संख्येने असणाऱ्यांपैकी एकही हाती लागत नाही. कारण उघड आहे. यीस्टच्या एका पेशीत काही प्रथिनांचे १० लाखांहून अधिक रेणू असतात आणि काहींचे ५० देखील नसतात. आषाढीला पंढरपुरात लोटलेल्या लाखोंच्या गर्दीत एका वाडीची पन्नास माणसं शोधण्यासारखं हे आहे. आणि पेशीतले बहुतेक निर्णय या पन्नासांच्या हाती असतात: कुठलं जनुक चालू करायचं, विभाजन कधी थांबवायचं. त्यांना न पाहता केलेली शिरगणती पेशीच्या कारभाराबद्दल फारसं काही सांगत नाही.

पुढची वाटचाल झपाट्याने झाली. २००१ मध्ये येट्स यांच्या गटाने जेल बाजूला ठेवून द्रवातच तुकडे वेगळे करण्याची रीत वापरली आणि १,४८४ प्रथिनं ओळखली; त्यात जेलवर न टिकणारी, पटलात रुतून बसणारी तेलकट प्रथिनंही होती. २००८ मध्ये मथायस मान यांच्या म्युनिकजवळच्या प्रयोगशाळेने ४,३९९ चा पल्ला गाठला. हा आकडा नुसता वाचला तर ६,००० पैकी सोळाशेच्या आसपास निसटली असं वाटेल. पण याच्या पाच वर्षं आधी, २००३ मध्ये, कॅलिफोर्नियात एरिन ओशी आणि जोनाथन वाइसमन यांच्या गटांनी अगदी वेगळ्या वाटेने हेच मोजलं होतं. त्यांनी यीस्टच्या जवळपास प्रत्येक जनुकाला शेवटी एक छोटी खूणचिठ्ठी जोडली, हजारो वेगवेगळे वाण तयार केले आणि ती चिठ्ठी अंगावर असलेलं प्रथिन वाढत्या पेशीत दिसतं का ते एकेक करून पाहिलं. त्यात ना ट्रिप्सिन, ना फवारा, ना संगणकाची जुळवाजुळव. त्यांना दिसलेली प्रथिनं: ४,२५१. चकाकणारं प्रथिन जोडून सूक्ष्मदर्शकाखाली जागा शोधणाऱ्या तिसऱ्या पाहणीत ४,१५६. तीन साक्षीदार, तिघांच्या उणिवा वेगळ्या, आणि तिघेही चार हजारांच्या थोडं पुढे येऊन थांबतात. एकाच यंत्राने दहा हजार आलेख आणखी काढले असते तरी एवढा भरवसा आला नसता.

मग उरलेले रकाने? त्यांतल्या काहींचं उत्तर जीनोमच्याच बाजूने आलं. २००३ मध्ये मॅनोलिस केलिस आणि सहकाऱ्यांनी यीस्टच्या तीन भाऊबंद जातींचे जीनोम शेजारी ठेवून पाहिले, आणि जे मजकूर भाऊबंदांत टिकलेलेच नाहीत ते जनुक म्हणून धरू नयेत असं सुचवलं. सुमारे ५०० नावं अशी बाद होण्याजोगी निघाली. म्हणजे ते रकाने रिकामे असणं हेच बरोबर होतं. आणखी काही रकाने खरोखर रिकामे आहेत, पण काही काळापुरतेच. यीस्टला ग्लुकोज मिळत असताना गॅलॅक्टोज पचवणारी विकरं ते बनवतच नाही. ग्लुकोज काढून गॅलॅक्टोज द्या, की तीच विकरं भरभरून दिसू लागतात. बीजाणू तयार करतानाची प्रथिनंही सुखात वाढणाऱ्या पेशीत नसतात. उरलेले थोडे रकाने मात्र आपल्या रीतीमुळे रिकामे राहतात: प्रथिन इतकं लहान की कापल्यावर हाती लागण्याजोगा तुकडाच उरत नाही, किंवा लायसीन आणि आर्जिनीन अशा जागी की तुकडे एक तर फार आखूड नाहीतर फार लांब. चुकून जनुक समजलेला मजकूर, आत्ता न शिजणारा पदार्थ आणि आपल्याला न दिसणारा पदार्थ, ही तीन निराळी प्रकरणं आहेत. यादीत तिन्ही ठिकाणी एकच कोरा चौकोन दिसतो. ‘न सापडलेलं’ आणि ‘नसलेलं’ यांत फरक करता येणं हे या शास्त्राच्या वयात येण्याचं लक्षण मी मानतो, आणि मानवी प्रथिनांच्या बाबतीत सरसकट ‘हरवलेली प्रथिनं’ असा शब्द रूढ झाला याचं मला वाईट वाटतं, कारण तो हा फरक पुसून टाकतो.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. जनुकाची आज्ञा आरएनएच्या रूपात बाहेर पडते. आरएनए मोजणं स्वस्त आहे, सोपं आहे आणि त्यातून जवळजवळ प्रत्येक जनुकाबद्दल काही ना काही कळतं. मग प्रथिनांच्या मागे एवढा खर्च कशाला? गायगी यांच्या गटाने १९९९ मध्ये याचं उत्तर यीस्टवरच शोधलं होतं. आरएनए सारखाच असूनही काही प्रथिनांच्या प्रमाणात वीस पटींहून अधिक फरक होता. आणि उलट बाजूने, प्रथिनाचं प्रमाण तेवढंच असताना आरएनए तीस पटींपर्यंत वेगळा होता. हा पुरावा अनेक वर्षं निर्णायक म्हणून सांगितला गेला. तो जसाच्या तसा पुढे करणं आज मला योग्य वाटत नाही. नंतरच्या विश्लेषणांनी दाखवलं की या तफावतीतला बराच भाग मोजमापातल्या गोंगाटाचा होता. गोंगाट वजा केला की आरएनए आणि प्रथिन यांचं नातं पूर्वी वाटलं त्याहून घट्ट निघतं. आक्षेपात तथ्य आहे, ते एवढंच. पण त्याने मूळ प्रश्न मिटत नाही. आज्ञेवरून कामाचा अंदाज किती विश्वासाने बांधता येतो, हे कळण्यासाठीही काम स्वतंत्रपणे मोजावंच लागलं.

२००८ च्याच कामातलं एक उदाहरण मला विशेष आवडतं. मान यांच्या गटाने गुणसूत्रांचा एक संच असलेली आणि दोन संच असलेली यीस्ट अशी दोन्ही घेतली. एकीला नेहमीचं लायसीन खाऊ घातलं, दुसरीला जड समस्थानिकांचं. मग दोन्ही एकत्र करून एकाच वेळी यंत्रात सोडली. प्रत्येक पेप्टाइडाची जोडी दिसते, एक हलकं, एक थोडं जड, आणि दोन रेघांच्या उंचीवरून कळतं की ते प्रथिन कुणात किती. बहुतेक प्रथिनं एकास एक निघाली. मीलनाच्या संकेतमार्गातली काही कळीची प्रथिनं फक्त एक संच असलेल्या पेशींतच दिसली, जे व्हायलाच हवं होतं, कारण मीलन त्याच करतात. पण त्या मार्गातली बाकीची तशीच राहिली. म्हणजे सगळा मार्ग बंद न करता पेशी मोजक्या जागी कुलूप लावते. आणि पेशीभित्तिकेच्या घटकांचं प्रमाण बदललं होतं. त्याचं कारण शाळेतल्या भूमितीत आहे: दोन संचांच्या पेशीचं आकारमान दुप्पट असतं, पण पृष्ठफळ सुमारे १.६ पटच. आतल्या मालाच्या मानाने भिंत कमी लागते. जीनोमच्या कुठल्याही ओळीत हे लिहिलेलं नाही. हजारो प्रथिनं एका वेळी, नीट मोजली म्हणूनच गोल वस्तूची भूमिती यादीतून डोकावली. ‘याद्या करणं म्हणजे विज्ञान नव्हे’ असं म्हणणाऱ्यांना मी हा एकच दाखला देईन. कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळेल हे आधी ठाऊक नसताना केलेल्या मोजणीतून तो आला आहे.

दुसरा आक्षेप जास्त खोलवरचा आहे. आलेख ताडायचे ते जीनोमवरून काढलेल्या यादीशी. मग त्या यादीत जे नाही ते कधी सापडणारच नाही. आरोपपत्रात ज्यांची नावं आहेत त्यांच्यातूनच गुन्हेगार निवडायचा, असं हे झालं. आक्षेप खरा आहे. यीस्टच्या जीनोममध्ये जनुकं शोधताना शंभर अमिनो आम्लांहून आखूड मजकूर बहुतांशी सोडून दिले होते, कारण तेवढे मजकूर योगायोगानेही ढिगाने जुळून येतात. त्यामुळे छोटी प्रथिनं शिरगणतीच्या कक्षेबाहेरच राहिली. उपाय असा की यादी बाजूला ठेवून सगळा जीनोम दोन्ही धाग्यांवर, तीन-तीन अक्षरांच्या गटांची सुरुवात बदलत, अशा सहाही प्रकारांनी वाचायचा आणि आलेख त्या विस्तारित मजकुराशी ताडायचे. ओळखपरेडीत मग उभी राहणारी माणसं कितीतरी पट वाढतात आणि चुकीची शक्यताही. वर मांडलेला हिशेब इथे अधिकच कडकपणे लावावा लागतो. तरीही हे जमतं. २०११ मध्ये बंगळुरूच्या त्याच संस्थेत क्षयाच्या जिवाणूवर, एच३७आरव्ही या जगभर वापरल्या जाणाऱ्या वाणावर, हा प्रयोग झाला. त्याचा जीनोम १९९८ पासून उपलब्ध होता, जगातल्या अनेक गटांनी तो बारकाईने पाहिला होता. संशोधकांनी ३,१७६ प्रथिनं ओळखली, भाकीत केलेल्या जनुकांपैकी सुमारे ८० टक्के. शिवाय ४१ जनुकं अशी दाखवली जी यादीत नव्हतीच, आणि ७९ ठिकाणी जनुकाची हद्द चुकीची आखली होती ती दुरुस्त केली. ज्या देशात क्षयाचे रुग्ण जगात सर्वाधिक आहेत, तिथल्या प्रयोगशाळेने त्या जिवाणूची वही तपासून दुरुस्त करावी, याचं मोल मला त्या ४१ आणि ७९ पेक्षाही मोठं वाटतं.

शेवटचा आक्षेप यशातूनच आला आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात जोशुआ कून यांच्या गटाने साधारण सव्वा तासात यीस्टची जवळपास ४,००० प्रथिनं ओळखून दाखवली. ज्या कामाला सहा वर्षांपूर्वी यंत्र कित्येक दिवस गुंतवावं लागे, ते दुपारच्या जेवणाआधी होऊ लागलं. २०१८ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी तोवरच्या एकवीस मोजण्या एकत्र करून सरासरी यीस्ट-पेशीत ४ कोटी २० लाख प्रथिन-रेणू असतात असा हिशेब मांडला. मग आता राहिलं काय? राहिलं ते हे, की हा हिशेब बहुतांशी एकाच प्रकारच्या पेशीचा आहे: प्रयोगशाळेच्या चंबूत, ३० अंशांवर, ग्लुकोज खाऊन, शेजाऱ्यांशी न भांडता वाढणाऱ्या यीस्टचा. शिवाय एका नावाखाली अनेक रूपं लपलेली असतात. त्याच प्रथिनाला कुठे फॉस्फेट चिकटतो, कुठे साखर, कुठे टोक कापलं जातं, आणि प्रत्येक रूपाचं काम निराळं असू शकतं. ट्रिप्सिनने तुकडे केल्यावर कुठली खूण कुठल्या खुणेबरोबर एकाच रेणूवर होती, हे कळण्याचा मार्ग बंद होतो. आणि यीस्टच्या यादीत आजही शेकडो नावं अशी आहेत, की त्या प्रथिनाचं काम काय हे कोणालाच माहीत नाही. जनुक पूर्ण काढून टाकलं तरी चंबूतली पेशी तक्रार न करता वाढत राहते. पण यीस्ट चंबूसाठी घडलेलं नाही. ते ओकच्या सालीवर सापडतं, फुटलेल्या द्राक्षावर सापडतं, जिथे थंडी असते, उपासमार असते, शेजारी बुरशा आणि जिवाणू असतात आणि साखर क्वचितच मिळते. त्या सालीवर राहणाऱ्या पेशीची शिरगणती चंबूतल्या पेशीइतक्या बारकाईने अजून व्हायची आहे.